हेमाचे दोन हात

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
९ मार्च १९८६

अहो,

नमस्कार. नाव पाकिटावर लिहिलंय, इथं लिहायला अजून लाज वाटते. आम्ही मायलेकी खुशाल. तिकडची थंडी उतरली का? स्वेटर घालता ना, की ट्रंकेत जपून ठेवलाय?

तुमचं पत्र पोचलं. पेन्शन घेऊन घरी यायचं सोडून नोकरी दोन वर्षं वाढवून मागणार म्हणता. त्याचं मागाहून लिहिते.

आधी बालवाडीची गंमत. क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेत काय करायचं ते या वेळी पोरांनाच ठरवू दिलं. झोका की भाजीचा वाफा? म्हटलं, जागा सगळ्यांची, तर ठरवायचंही सगळ्यांनी. अहो, काय भांडली म्हणून सांगू! शेवटी हात वर करायला लावले. झोक्याच्या वेळी आपल्या हेमानं दोन्ही हात वर केले. झाला गलका, "दीदी, चीटिंग! इसने दो हाथ उठाए!"

हेमा म्हणाली, "एक पप्पांचा आहे. ते ड्यूटीवर आहेत ना."

मी बालवाडीची बाई, मग लेकीला वेगळा न्याय कसा लावू? म्हटलं, "बाळा, जो हजर असेल त्याचाच हात." तिनं एक हात हळूच खाली घेतला. झोका एका मतानं हरला.

घरी आल्यावर माझ्याशी कट्टी. जेवलीसुद्धा नाही. वाटलं, ही आता वाफ्याकडे ढुंकून बघायची नाही. दोन दिवसांनी भेंडीचं बी पेरलं, तर बया गाल फुगवून पाणी घालायला पुढे! म्हणे, "सगळ्यांनी ठरवलंय ना, मग." हट्टी खरी, पण शब्दाची पक्की. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

आता तुमचं. तुमच्या कुठल्याच पोस्टिंगला मी आजवर नको म्हटलं नाही. फौजीच्या बायकोनं म्हणायचं नसतं, असंच धरून चालले. या खेपेला म्हणते. नका वाढवू नोकरी. मला तुम्ही घरात हवे आहात.

तरीही सही केलीत, तर गाल फुगवून का होईना, मी घर सांभाळीन. पण आधी आमची मतं तरी मोजा. 'घरी या' म्हणून माझा हात वर आहे. हेमाला विचारलं, तर तिनं पुन्हा दोन्ही वर केले.

या वेळी मी तिला एकही खाली घ्यायला सांगितला नाही.

तुमचीच,
द्वारका