उतारा

१४ जाने.
काल कारखान्याच्या फाटकावर ह्यांची भंगाराची गाडी अडवली. तिथलं यंत्र ओरडलं म्हणे. आज मुंबईहून अणुखात्याची माणसं आली, आधी ह्यांच्या सातपूरच्या गाळ्यात, मग घरात. ह्यांच्या छातीपाशी यंत्र नेलं की कुरकुरायचं. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरचा, वीज पडू नये म्हणून लावलेला दांडा ह्यांनी भंगारात घेतला होता. त्याच्या टोपीत किरणोत्सारी धातू. दिवाळीपासून थोडं थोडं कापत होते, ग्राइंडर लावून, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता. भुकटी छातीत गेली. पितळेसाठी.

१५ जाने.
दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. विचारलं, "ह्याला काही उतारा?" म्हणाल्या, "उतारा आहे. सलाइनमधून औषध देऊ. रक्तातला धातू धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं."
सासूबाई शेजारीच. कालच देवळ्याहून आल्यात. त्यांनी तेवढाच शब्द धरला. रिक्षात म्हणाल्या, "डाक्टरनी सांगतीय उतारा हाय म्हनून. मंग करायला नको?"
म्हटलं, आई, त्या औषधाला म्हणतात हो. त्या बाहेर बघत राहिल्या.

१६ जाने.
औषध सुरू. दिवसभराची लघवी कॅनमध्ये धरायची, तपासायला मुंबईला जाते. हे म्हणतात, "एवढी वर्षं धंदा केला, माझा माल पहिल्यांदाच मुंबईला चाललाय." मी हसले. मग जिन्यात जाऊन रडले.
ह्यांचे कामाचे कपडे पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलेत. हात लावायचा नाही, धुवायचे नाहीत, सोमवारी ते लोक नेतील. वरच मरून चौकड्यांचा शर्ट. त्याचा खिसा मी हिरव्या दोऱ्याने शिवलाय, मरून रीळ संपलं होतं म्हणून. लोकांचे ब्लाउज मॅचिंग दोऱ्याशिवाय शिवत नाही, आणि नवऱ्याला हे.

१८ जाने. अवस
दवाखान्यातून आले तर पिशवी सुटलेली. शर्ट नाही. सा.बा. देवापुढे बसलेल्या.
"तिठ्यावर ठेवून आले. भात, लिंबू, गुलाल. संजू इथं नाय, मंग त्याच्या शर्टावरून उतरवलं आन् शर्टासकट ठेवलं. मागं वळून नाय बघितलं."
पळत गेले. भाताची मूद होती, लिंबू होतं. शर्ट नव्हता.

१९ जाने.
मुंबईची माणसं तिठ्यावर गेली. दगडावर यंत्र जरासं कुरकुरलं. भात, लिंबूसुद्धा पिशवीत भरून नेलं. त्यांचे मोठे साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, शर्ट कुणी घातला असेल तर? "नुसता झटकला तरी वाईट. दिसला की लगेच फोन करा."
सा.बा.चे हात पुन्हा पुन्हा धुतले. हात पुढे करून बसल्या होत्या. लोक गेल्यावर मला म्हणाल्या, "कुनी उचलला ते बरंच झालं. उतारा ज्यानं उचलला, त्याच्यावर गेलं. आपला संजू सुटला."
असं कसं बोलवतं माणसाला.

२७ जाने.
लघवीतला धातू कमी झाला. मला वाटलं, संपत आला. तिथेच डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली.
"कमी येतोय म्हणजे संपला असं नाही हो. रक्तातला औषधाला सापडतो. हाडात बसला, की त्याला धरता येत नाही. दिवाळीनंतर लगेच आला असतात तर..."
मी ह्यांना सांगितलं, कमी झालंय. खोटं कुठे आहे.

३१ जाने.
आता आठवड्यातून एकदा औषध, म्हणून घरी सोडलंय. हे उन्हात खुर्ची टाकून बसतात. "निघतंय ना गं?" "निघतंय." सा.बा. माझ्याकडे बघतात. त्यांची तर खात्रीच आहे.
माझं औषधावरून मन उडालंय. कशावर बसवू, कळत नाही.

२ फेब्रु.
हल्ली बाजारात माणसांचे चेहरे बघत नाही, खिसे बघते. आज भाजी घेताना समोर मरून चौकडी. पाठमोरा. बारीक अंगाचा, शर्ट त्याला ढगळ. मागे मागे गेले, रिक्षा स्टँडपर्यंत. हाक मारायला तोंड उघडलं.
मारली नाही.
तो वळला असता, हिरवा दोरा दिसला असता, तर फोन करावा लागला असता. शर्ट परत आला असता. आणि सा.बा. म्हणतात तसं असेल तर? परत कुणावर आलं असतं?
मी बारावी सायन्स शिकलेली बाई.
तो शेअर रिक्षात बसला. खिसा दिसलाच नाही. कदाचित दुसराच शर्ट असेल, चौकड्यांचे काय कमी असतात.
साहेबांचा नंबर काढून फोन समोर ठेवलाय. बाहेर हे खोकतायत. सा.बा. म्हणाल्या, "आज खोकला कमी हाय, नाय का गं?"
मी हो म्हटलं.