तिच्यासाठी का भ्यापायी

आप्पा, खुटबावच्या मेंढवाड्यात मी तुमच्या मेंढीला चौथी सुई टोचली होती, ते तुम्ही विसरला नसाल. मी नववीत होते. मेंढीला न्यूमोनिया झालेला, जनावरांच्या डॉक्टरांनी तीन दिवस सुई देऊन मग बघा म्हणून सांगितलेलं, आणि टोचायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलेलं. चौथ्या सकाळी तिला ताप नाही, निवांत रवंथ करतेय, तरी मी आपली असू दे म्हणून आणखी एक टोचते. तुम्ही मागे उभे. ओरडला नाहीत. म्हणालात, "बरी झाली ती. आता कुणासाठी टोचती? तिच्यासाठी का तुझ्या भ्यापायी?" वर मला तिच्याजवळ बसवलंत. "सुई बंद केली म्हंजी काम संपलं न्हाई. आता बघत बसायचं." शाळा बुडाली आणि मी दिवसभर फुगून बसले.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी दौंडला अतिदक्षता विभागात नवी डॉक्टर होते. कुरकुंभच्या एका कामगाराला व्हेंटिलेटरवर असतानाच न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत ताप उतरला, ऑक्सिजन कमी लागू लागला. मोठे सर म्हणाले, "अँटिबायोटिक चौदा दिवस पुरं करू." तेव्हा बहुतेक जण तसंच करत. आठ दिवस पुष्कळांना पुरतात, जादा औषधानं जंतू निर्ढावतात, हे नुकतं वाचनात येऊ लागलं होतं. मी ते सांगून पाहिलं, सर ऐकेनात. शेवटी तोंडातून निघून गेलं, "सर, हे पुढचे सहा दिवस त्याच्यासाठी की आपल्या भीतीपायी?"

सरांनी फाइल पुन्हा चाळली आणि म्हणाले, "बंद कर. पण लक्ष तू ठेवायचं." बाहेर त्याच्या बायकोनं माझा हात धरला. "म्याडम, औषध बंद केलं म्हंजी आशा सोडली व्हय?" म्हटलं, नाही हो, आता त्यांना त्याची गरज नाही, मी बसते ना जवळ. आणि खुर्ची ओढून बसले, तुम्ही बसवलं होतं तशी. तासातासाला ताप बघत राहिले. तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. संध्याकाळी त्यानं घसा खाकरत चहा मागितला, तेव्हा मला तो रवंथ करणाऱ्या मेंढीइतका गोड दिसला.

आप्पा, त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. अजून वाटतो. सर आता प्रत्येक नव्या डॉक्टरला तोच प्रश्न विचारतात आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हा प्रश्न हिचा." पहिल्या वेळी मेंढीचं नाव काढायला मी लाजले, पुढे हा प्रश्न तुमचा, हे सांगायचं राहतच गेलं. काल पुन्हा सर तसं म्हणाले, आणि मी पुन्हा नुसती हसले.