खटपटसाहेबांची बिनखुणेची वही

मी, अनिमेष वसंतराव खांबेटे, वय सत्तावीस, शिक्षण बारावी (दोनदा), धंदा उर्दूतून लोकांना हसवणे, राहणार राजा पार्क, जयपूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही मागे लागलेलं नसताना हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण सह्या पाच ठिकाणी घेतल्या. म्हणून हे मृत्युपत्र. याआधी केलेलं नाही.

१. बाबांचं मनगटी घड्याळ साताऱ्याला बाबांना परत द्यावं. मी सतरा वर्षांचा असताना, ते इथं जयपुरात होते तेव्हा, त्यांनी ते दुरुस्तीला टाकायला दिलं होतं. दुकान रफअत अलींचं. दिवसा घड्याळं उघडायची, आणि 'खटपट जयपुरी' या नावानं उर्दूत विनोदी लेख लिहून मुशायऱ्यांत, लग्नांत वाचायचे, असं त्यांचं आयुष्य. त्या दिवशी ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या निकाहाचा किस्सा सांगत होते. मी संध्याकाळपर्यंत स्टुलावरच. बाबा, घड्याळ आठवड्यात झालं होतं. मीच आणलं नाही. रोज जायला निमित्त हवं होतं. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या मराठीला हिंदीचा वास येतो आणि उर्दूला वरणाचा." हे मी स्टेजवर शंभरदा तरी वापरलं. दरवेळी हसले लोक. ते श्रेय तुमचं.

२. स्कूटर बहीण ऋचा हिला. डावा आरसा नाही. कानोत्याच्या धरणावर जाताना खटपटसाहेबांनी मागे बसून असा किस्सा सांगितला की मी गाडी बाभळीत घातली. मतलब, आरशाचं ते असं आहे. असो.

३. हिरवी वही. खटपटसाहेब नवा लेख आधी घरात वाचत. त्यांच्या पत्नी, बेगमसाहिबा, तेव्हा रोट्या लाटत असत. त्या कधीच हसत नसत. पण ज्या वाक्याला लाटणं थांबे, तिथं साहेब लाल पेन्सिलीनं खूण करत, बाकीचं खोडत. म्हणायचे, "अनिमेष मियाँ, तालियाँ झूठ बोलती हैं, बेलन नहीं।"

२००४ मध्ये बेगमसाहिबा गेल्या. साहेबांनी या हिरव्या वहीत त्यांच्यावरच एक लेख लिहिला, एकही खूण नसलेला, आणि तो कुठंच वाचला नाही. माझ्या उर्दू अक्षराला वळण लागावं म्हणून ती वही मला दिली. मी लेख गिरवला, पाठ केला, आणि आमेरच्या एका कार्यक्रमात माझा म्हणून वाचला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. साहेब पहिल्या रांगेत. नंतर माझी कॉलर नीट करत एवढंच म्हणाले, "पढ़ते अच्छा हो।" त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. गेल्या वर्षी ते गेले. मी घरी गेलो तर त्यांची मुलगी साजिदाआपा दारातच म्हणाल्या, "अब्बा की हँसी तो ले गए, अब क्या लेने आए हो?" दार लागलं.

तर मी जाहीर करतो की तो लेख रफअत अलींचा आहे. त्यात माझा एक शब्द नाही. वही साजिदाआपांना द्यावी. विनंती एकच: त्या रोट्या लाटत असताना कुणीतरी तो मोठ्यानं वाचावा. लाटणं थांबेल तिथं खूण करावी. लाल पेन्सिल वहीतच आहे. खुणा पडल्या तर लेख साहेबांच्या नावानं स्टेजवर जावा. एकही पडली नाही, तर वही साहेबांच्या पेटीत ठेवावी.

४. मंगळवारनंतरही मी असलो, तर वरची बाकी कलमं रद्द, तिसरं नाही. ते मी स्वतः पार पाडेन. दार बंद असलं तरी पायरीवर बसून वाचेन. त्या घरातल्या लाटण्याचा आवाज गल्लीत ऐकू येतो.

सही: अनिमेष वसंतराव खांबेटे

माझ्यासमक्ष, पूर्ण वाचून सही करणारे:
मुरलीधर सोमाणी, घरमालक
प्रतिमा देव, शेजारीण

राजा पार्क, जयपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २००८