मामाची नवरी

प्रिय अम्मा,

परवा फोनवर तू सिरीबद्दल जे हसत सांगितलंस, त्याकडे येतेच. आधी माझ्या नाटकाचं. अर्ध्या म्हैसूरला तू लेकीचं कौतुक सांगून आलीस म्हणे. प्रकाशयोजना छान, साड्या छान. नाटक कशाबद्दल होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्या अंकात ती पोर मामाच्या मांडीवर बसायला नको म्हणते आणि मी, तिची आई, ओरडते, ‘‘बघा बघा, नवऱ्याला लाजतेय!’’ सगळं सभागृह हसलं. हसणारच. मामा-भाचीच्या लग्नाची आपली रीत, घरोघरी हा विनोद चालतोच. तुझं हसू मला रंगमंचावरही ओळखू आलं. दुसऱ्या अंकात कुणीच हसलं नाही. तू पदर डोळ्यांना लावलास, आणि शेजारी बसलेल्या वासुमामाने तुला पाण्याची बाटली दिली.

अम्मा, तो विनोद माझ्या डोक्यातून आलेला नाही, तो तुझा आहे. सात वर्षांची मी कोठीच्या खोलीत लपले होते. तू हाताला धरून बाहेर ओढलंस आणि म्हणालीस, ‘‘घे रे वासू, तुझी नवरी!’’ त्या दुपारी काय झालं ते मी तुला सांगितलं होतं. तू ऐकलंस, माझी वेणी करकचून घातलीस आणि म्हणालीस, ‘‘अप्पांपुढे यातलं अक्षर काढू नकोस. सणाला भाऊ दारी आला नाही तर लोक काय म्हणतील?’’ गौरीला तो साडी घेऊन आला. तू त्याला तुपात भिजवून होळिगे वाढलीस. मला त्याचा राग अजून येतो, पण तुझा जास्त येतो.

लोक विचारतात, आईची भूमिका इतकी खरी कशी वठते? काय सांगू त्यांना, कपाळ!

आणि आता सुट्टीला तुझ्याकडे आलेली अण्णाची लेक, माझी भाची सिरी, वासुमामा आला की न्हाणीघरात कडी लावून बसते. ‘‘अगदी अत्तेवर गेलीय, लाजाळू!’’ असं तू म्हणालीस, आणि पुढच्या आठवड्यात तिला त्याच्याच घरी राहायला पाठवणार आहेस. नाही पाठवायची. रविवारी अण्णाला घेऊन मी तिला न्यायला येतेय. वाटेत त्याला सगळं सांगणार आहे, नाव घेऊन. तो पहिलं हेच विचारेल, अम्माला माहीत होतं का? मी हो म्हणणार आहे.

तुझीच,
शाल्मला