गाडी एकदाची बंद पडली

ती. सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला गेला असेल आणि नव्या नातीने सगळ्या घराची झोप ताब्यात घेतली असेल, असं धरून चालते. (फोटोत ती हुबेहूब भाऊजींसारखी दिसते. मोठी झाल्यावर सुधारेल.) आम्ही खुशाल आहोत. गाडीही खुशाल आहे, म्हणजे काल ती बंद पडली आणि घरात आनंदीआनंद झाला. हे नीट सांगायला हवं, नाहीतर तू उगाच काळजी करशील.

यांची ती जुनी डिझेलची जीप तुला ठाऊक आहेच. (आमच्या लग्नाच्या फोटोत ती मधोमध आहे, मी कडेला.) मागच्या खेपेला तुमच्या अलीकडच्या नदीला पाणी बघून आम्ही काठावरूनच परत फिरलो, ते यांच्या मनाला फार लागलं. आता नातीला बघायला जायचं ते नदीत गाडी घालूनच, असं ठरवून यांनी गॅरेजच्या मिस्त्रींकडून स्नॉर्कल बसवून घेतलं. स्नॉर्कल म्हणजे मडगार्डातून निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत गेलेलं काळं नळकांडं. (सासूबाई त्याला सोंड म्हणतात.) इंजिनाने खालचं पाणी न पिता वरची हवा प्यावी, एवढंच त्याचं काम. पण एखादा सांधा गळका राहिला की पाणी आत शिरून इंजिनाचा निकाल लागतो. म्हणून आधी परीक्षा घ्यायची. इंजिन चालू ठेवून नळकांड्याचं तोंड गच्च दाबायचं. हवा तुटली की इंजिनाने गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं, तर ते कुठून तरी चोरून हवा घेतंय असं समजायचं.

तर काल सकाळी मिस्त्रींनी सोंडेची वरची टोपी काढली, हे स्टिअरिंगवर बसले आणि मी स्टुलावर चढून तोंडावर तळहात ठेवला. इंजिन आपलं मजेत चालू!

"अगं, घट्ट धर! बोटांच्या फटीतून हवा जातेय."

थोडक्यात, सांधा नव्हे तर माझा हात गळका आहे असं ठरलं. मग मी ओलं फडकं घालून वर स्टीलचं ताट दाबलं आणि त्यावर सगळा भार दिला. (त्या बाबतीत मी कधी कमी पडत नाही.) तरी इंजिन गातंच आहे. यांचा चेहरा इतका उतरला की मला भरून आलं. मिस्त्री बॉनेटखाली कान लावून होते, पण त्या घरघराटात काय ऐकू येणार!

तेवढ्यात सासूबाई हा गोंगाट कधी थांबणार ते विचारायला बाहेर आल्या. हातात विणकाम, तुझ्या नातीची टोपी. त्या बॉनेटमध्ये डोकावल्या आणि किंचाळल्या, "अरे, ही माझी लोकर पितेय!" लोकरीचं सुटं टोक एका रबरी नळीच्या सांध्यात सुळकन ओढलं गेलं होतं आणि गुंडा उड्या मारत गाडीकडे निघाला होता! मी घाबरून ताट सोडलं, तशी ओढ थांबली. मिस्त्रींनी पाहिलं, तर नळी पाइपावर आवळणारी पट्टी घट्ट होती, पण पाइप सोडून नुसत्या रबरावर. "नळी जरा आखूड पडली," ते ओशाळून म्हणाले.

"आता टोपीही आखूडच पडणार," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्री लांब नळी घेऊन आले आणि मी पुन्हा स्टुलावर. ताट नको म्हटलं, माझ्या हाताची बदनामी झाली होती. या वेळी नळकांड्याने तळहात असा ओढून धरला की विचारू नकोस. इंजिनाने उचकी दिली, सगळी गाडी थरथरली आणि गप्प.

"पडली! बंद पडली!" हे ओरडत उतरले, मिस्त्रींना कडकडून मिठी मारली, मला उचलायला धावले (आणि जवळ येऊन विचार बदलला). शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हळहळत कुंपणाशी आले. "पडली का हो शेवटी? वाईट वाटून घेऊ नका, जुनीच होती." यांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, "या, तुम्हीच पाडून बघा!" पोस्टमास्तरांनी एकदा पाडली, मग पुन्हा एकदा पाडू का म्हणून विचारलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीने आळीपाळीने आमची गाडी बंद पाडली. ताई, निवृत्त झाल्यापासून यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. जेवतानाही मधूनच हसत होते.

रविवारी सकाळी निघतो. बाळीचा पापा घे.

तुझी,
धाकटी

ता. क. टोपी बाळीच्या मुठीवर बसेल. सासूबाईंसमोर कौतुक कर.

आणखी एक. नवा पूल सुरू झाल्याचं तू फोनवर म्हणालीस, ते मी यांना सांगितलेलं नाही. "ताई काय म्हणाली?" असं यांनी विचारलं, तेव्हा "नदीला गुडघाभर पाणी आहे म्हणाली," एवढंच सांगितलं. पण पूल काही पदराखाली झाकता येत नाही. तेव्हा भाऊजींनी रविवारी पुलाच्या तोंडाशी उभं राहून "आज पूल गाड्यांना बंद आहे" असं गंभीर चेहऱ्याने सांगावं. तो चेहरा त्यांना जन्मतःच आहे.

सासूबाई आणि मी मात्र पुलावरून चालत येऊ. यांचे फोटो काढायला कुणीतरी वर हवंच ना!