पानाच्या डागातले दोरे

अमरावती, शके १७८७, कार्तिक शु. ३

बाप्पा, काय दिवस! मी दवाखान्यात मलमपट्टी करणारा, अन् आज डॉ. सायब दौऱ्यावर जाताना दोन सूक्ष्मदर्शक माह्या हवाली करून गेले. पाहायची परवानगी, न्यायची नाही. लहान्यात एकच भिंग, डोळ्याले चिकटवून धरा लागते. मोठा पितळी, नळीत वरखाली भिंगं, बुडाशी आरसा. डबक्याचं पाणी ठेवलं... जत्रा! जीव पळून राहिले!

शु. ४

जेवण सुचेना. ताक पाह्यलं, दातातला मळ पाह्यला (शी!). मंग आमचा पानमळा आठवला. वेली सडल्या तं बाबांनी खापर यमुनेवर फोडलं, विटाळात मळ्यात गेली म्हणून. बायको माही, धाडली तिवशाले माहेरी. ती म्हणे गेलीच नव्हती. तिच्याबिगर घर खायले उठते.

शु. ५

सापडलं!! सडक्या पानाचा पातळ काप, खालून उजेड. डागात दोरेच दोरे. बुरशी! लोणच्यावर धरते तशी. आरसा तिरपा केला तं मागं अंधार अन् दोरे लखलख. मी ओरडलोच.

शु. ७

बाजारात अकोल्याची डागाळलेली पानं आली, मोर्णेकाठच्या मळ्यातली. तिथं बाईमाणूस पायच टाकत नाही. तेच डाग, तेच दोरे! आता बाबांले आणतो.

शु. ८

बाबांनी डोळा लावला. म्हणे, "पाह्य, तिचेच केस!"

मी कपाळ बडवलं. त्यांच्याच मिशीचा केस उपटून दोऱ्याशेजारी ठेवला. केस नाड्यासारखा जाड, दोरे कुठच्या कुठं बारीक! बाबा उठले. जाताना, "घेऊन ये तिले." मी नाचलो हो, खरंच नाचलो. लगेच नळी, दोरे, सगळं कळवून तिवशाले निरोप धाडला.

शु. १०

यमुनेचं उत्तर: "अशी नाही येत. ती नळी आणा. ज्याच्यापायी मले काढलं, ते मले पाहू द्या."

सायब उद्या-परवा येतीन. कळलं तं नोकरी गेली. तरी नेतो. गवतात गुंडाळून गाडीत ठेवली.

शु. १२, तिवसा

अंगणात उन्हात मांडली. आरसा तिनं आपसूकच फिरवला. पाहून राहिली, पाहूनच राहिली. मायले दाखवलं, भावजयीले दाखवलं. मंग माह्याकडे वळली.

"एवढ्याश्यासाठी?"

अन् घरात गेली. गाडी जुपलेली आहे. बोचकं बांधते का काय, इथून दिसत नाही...