दोन वार आणि तीन वार यांच्यामध्ये

बाबा, तुम्ही शाळेच्या जागेत मुलांकडून लावून घेतलेला साग शाळेने यंदा शेवटी विकायला काढला. वर्गांचं छप्पर गळतंय, नवं हवं. तुमच्या वेळचा, आवारातल्या वाळक्या झाडांचा दरवर्षीचा लिलाव मला अजून दिसतो. तुम्ही हेडमास्तर, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. समोरचे ठेकेदार नाक्यावर एकत्र चहा पिऊन, कुणी बोलायचं नि कुणी गप्प राहायचं ते ठरवूनच आलेले. एकजण पडेल भाव बोलतो. तुम्ही म्हणता, "एक वार... दोन वार..." आणि थांबता. चष्मा पुसता, पाणी मागवता, रस्त्याकडे बघता, बाहेरगावचा कुणी येईल म्हणून. कुणी येत नसे. मग "तीन वार" म्हणून तुम्ही मुकाट उठायचात आणि वर्गावर जायचात. गावात रेंगाळणाऱ्या माणसाला "गुरुजींचं दोन वार" म्हणत. मला लाज वाटायची.

दोन हजार आठच्या मंदीत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या, मी नोकरी करत होते त्या फर्निचर कारखान्यानेही यार्डातलं लाकूड विकायला काढलं. इथलेही घेणारे चहा पिऊनच आलेले. मॅनेजरने पहिलीच बोली घेऊन टाकली. "मॅडम, मार्केट डाउन है. यल्ला, खलास." चला, संपलं. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. तुमचं थांबणं मला त्या दिवशी कळलं, आणि ते सांगायला तुम्ही उरला नव्हतात. फार वाईट वाटलं.

पुढे कारखान्याची लाकूडविक्री ऑनलाइन होऊ लागली, ती मी शिकले. म्हणून यंदा गावच्या शाळा समितीला फोनवर म्हटलं, उभी झाडं एकगठ्ठा, उक्ती देऊ नका, तोडून, प्रतवारी लावून ऑनलाइन विका. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आपले ठेकेदार रुसतील हो." रुसू देत. एक नियम मात्र मी हट्टाने घालून घेतला. शेवटच्या क्षणी बोली आली, तर वेळ आपोआप वाढायची. तुमचं चष्मा पुसणंच ते.

काल दुपारी इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात लॅपटॉपसमोर बसले. तोच पडेल भाव, तेच मौन. वेळ संपता संपता परजिल्ह्यातल्या कुणाची तरी बोली आली. वेळ वाढली. मग ठेकेदारही चढले. बाबा, छप्पर होईल.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "दोन वार..."

लेकीने आतून विचारलं, "मम्मा, हू आर यू टॉकिंग टू?"

"कुणाशी नाही गं."

खोटं बोलले. हे पत्रही कुठे धाडायचं नाही, ठाऊक आहे. पण तीन वार म्हटलं की तुम्ही उठून निघून जायचात. म्हणून ते मी म्हटलंच नाही.